तिष्ठत राहिलेला देव

(आषाढी एकादशीनिमित्त मंडळाच्या सभागृहात केलेले भाषण)



आज पंढरपुरात वैष्णवांचा मेळा भरला आहे. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते आणि सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट चालून आषाढ शुद्ध दशमीस पंढरीस पोहोचते. एस.टी.ने हेच अंतर काही तासांत तोडता येते. तरीही वारकरी आपल्या दिंडीचा क्रम सोडून पुढे धावत नाही. त्यांतील कित्येक जण शेतकरी असतात. पेरलेले उगवले की नाही हे पाहण्यासाठी माती उकरायची नसते, हे त्यांना सांगावे लागत नाही. आम्हां नोकरदारांना मात्र ते शिकावे लागते.

काही वर्षांपूर्वी वाईला माझ्या वडिलांची प्रकृती ढासळली. आई आधीच निवर्तली होती. मी पुण्यास बदली मागितली. ती मिळेना, तेव्हा पांडुरंगाला नवस बोललो आणि वर मुदतही घातली : दिवाळीपूर्वी हुकूम यावा! तो नवस कसला, देवाला धाडलेले स्मरणपत्रच ते. दिवाळी उलटली, हुकूम आला नाही. मी देवावर रुसलो आणि पूजाअर्चा पत्नीवर सोपवून मोकळा झालो.

एके दिवशी ती एवढेच म्हणाली, "बदली व्हायची तेव्हा होईल. तोवर मामंजींना आपणच इकडे आणू या."

वडील आले. येथील थंडी त्यांना सोसत नसे, बाजारातील भाषा उमगत नसे. पण संध्याकाळी नातवंडांकडून ते परवचा म्हणवून घेऊ लागले. रात्री त्यांचे पाय चेपताना आम्हां बापलेकांचे जे बोलणे झाले, ते आधीच्या तीस वर्षांत झाले नव्हते. दोन वर्षांनी ते गेले. त्यानंतर आठव्या महिन्यात बदलीचा हुकूम माझ्या टेबलावर आला. तोवर मुले येथे रुळली होती. मी विनंती करून तो रद्द करून घेतला.

देवाने अचूक वेळ साधली, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वडिलांनी आपल्या घरी, कृष्णाकाठी डोळे मिटावेत, ही इच्छा अपुरीच राहिली. ती आजही सलते. परंतु त्या दिवसांनंतर पुंडलिकाची कथा मला निराळी दिसू लागली.

आपण म्हणतो, देव आपल्याला ताटकळत ठेवतो. कथेत मात्र ताटकळतो तो देव! दारी आलेल्या परमेश्वराला पुंडलिकाने वीट दिली आणि आईवडिलांची सेवा पुरी होईपर्यंत थांबावयास सांगितले. देव रागावला नाही. कमरेवर हात ठेवून उभा राहिला. म्हणूनच विठ्ठलदर्शनापूर्वी चंद्रभागेच्या वाळवंटातील पुंडलिकाचे दर्शन घेण्याची प्रथा आहे.

मी हुकमाची वाट पाहत होतो, तेव्हा तो बहुधा माझी वाट पाहत होता. हाताशी असलेली सेवा मी केव्हा उचलतो, एवढेच त्याला पाहावयाचे असावे. आपण सारे घरापासून दूर आहोत. प्रत्येकाचा एखादा हुकूम यावयाचा राहिला आहे. तो येईल तेव्हा येवो. तोवर हातातले काम टाकू नये, एवढेच पांडुरंगचरणी मागणे मागून मी आपली रजा घेतो.