अनंत अंतरावरची प्रतिमा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलंय, "हेलिकॉप्टरबद्दल बोल, पण फार तांत्रिक नको." म्हणून सुरुवात विज्ञानाच्या तासापासून करतो.

बहिर्गोल भिंगाचा तक्ता आठवतो? वस्तू कुठे ठेवली तर प्रतिमा कुठे पडते, अशा सहा ओळी. त्यातली एक होती: वस्तू नाभीवर, प्रतिमा अनंत अंतरावर. मी विचारलं होतं, "सर, अनंत अंतरावरची प्रतिमा बघायला जायचं कोणी?" वर्ग हसला. सर म्हणाले, "तू जा. आत्ताच, वर्गाबाहेर." सर आज पहिल्या रांगेत बसलेत. सर, मी जाऊन आलो.

बावीस वर्षं मी सैन्यदलात हेलिकॉप्टर चालवलं. शिरस्त्राण, त्यावर रात्री बघण्याची दुर्बीण, तिचा तोल राखायला मागे वजन, या सगळ्यानं मान गेली आणि उडणं थांबलं. आता मी सिम्युलेटरवर वैमानिकांना शिकवतो. शिकवायचं काय, तर डोळ्यांसमोर लावायचा पारदर्शक पडदा कसा वापरायचा. या पडद्याची गरज मला कधी कळली, ते आज पहिल्यांदाच चारचौघांत सांगतोय.

वाळवंटात उतरत होतो. जमीन पन्नासेक फुटांवर आली की पंख्याचा वारा वाळू उडवतो आणि सगळं तपकिरी होतं. क्षितिज नाही, जमीन नाही. हेलिकॉप्टर सरकतंय की स्थिर आहे, हे शरीराला कळत नाही. कान चक्क खोटं सांगतात. आपण फळ्यावरचं उतरवून घेताना काय व्हायचं? वर बघायचं, वहीत बघायचं, पुन्हा वर बघितलं की ओळ चुकलेली. तसंच मी बाहेर बघितलं, मग खाली घड्याळांकडे. दोन सेकंद गेले असतील. दारात उभा असलेला फ्लाइट इंजिनियर ओरडला, "सर, लेफ्ट ड्रिफ्ट! वर घ्या!" मी वर खेचलं. धूळ बसल्यावर वरून दिसलं: आमची वाट बघणारे जवान डावीकडे उभे होते, आम्ही सरकत होतो त्याच बाजूला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आता हा पडदा काय करतो? उंची, वेग, क्षितिजाची रेघ, सरकण्याची दिशा हे सगळं तो डोळ्यांसमोरच दाखवतो. मान खाली घालावी लागत नाही. पण डोळ्यापासून दोन-चार इंचांवरची अक्षरं वाचताना लांबची जमीन धूसर दिसायला हवी ना? तशी दिसत नाही, आणि त्याचं कारण सरांची ती ओळ. चित्र भिंगाच्या नाभीवर ठेवलेलं असतं, म्हणून ते अनंत अंतरावर असल्यासारखं दिसतं. डोळ्याला जवळ-लांब करावंच लागत नाही.

या कल्पनेचं मूळही हेलिकॉप्टरमध्येच सापडतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत बेल हेलिकॉप्टर कंपनीत, डोकं वळवलं की कॅमेरा वळेल अशी जोडणी करून पाहिली होती. वैमानिकाला रात्री उतरता यावं हा हेतू. ती पाहून आयव्हन सदरलँड यांना सुचलं की कॅमेऱ्याच्या जागी संगणकच बसवावा. १९६८ साली त्यांनी डोक्यावर घालायचा पडदा दाखवला. तो छताला टांगलेल्या दांड्याला जोडलेला होता. पठाणकोटला २०१९ मध्ये आलेल्या अपाचे हेलिकॉप्टरच्या वैमानिकाच्या उजव्या डोळ्यासमोर असाच एक छोटा पडदा असतो. एक डोळा यंत्राचं चित्र बघतो, दुसरा उघडं जग. दोन्ही एकत्र सांभाळायला शिकावं लागतं, सुरुवातीला डोकं ठणकतं.

पण दोस्तांनो, पडदा जादूचा नाही. डोकं वळलं आणि चित्र किंचित मागे राहिलं, तर मळमळतं, अंदाज चुकतो. आणि खरा धोका वेगळाच आहे. मध्यंतरी एका तरुण वैमानिकानं सिम्युलेटरमध्ये सगळ्या खुणा अचूक पाळून सुरेख लँडिंग केलं. मी विचारलं, "ते दुसरं हेलिकॉप्टर किती जवळून गेलं?" तो म्हणाला, "कुठलं, सर?" आम्ही ते मुद्दाम समोर आणलं होतं. तो खुणा बघत राहिला आणि खुणांच्या पलीकडे बघायचं विसरला. तेव्हापासून मी एक आग्रह धरतो: जमीन जवळ येईल तशा खुणा कमी करा. शेवटी क्षितिज, उंची आणि सरकण्याची दिशा एवढंच राहू दे.

आणि दारातला माणूस काढू नका. पडदा आहे, मग त्याची गरज काय, असं कोणी म्हणालं की मला ती वाळू आठवते. आपल्या वर्गाला हे वेगळं सांगायला नको. दहावी 'ब' च्या दारात कायम एक जण उभा असायचा आणि वेळेवर ओरडायचा, "बाई आल्या!" त्याच्यामुळे आपण किती वेळा वाचलो, ते बाईंसमोर आज कबूल करायला हरकत नाही.

सर, प्रश्नाचं उत्तर मिळालं. आता आत येऊ का?