पांधण कुणाची?

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला रेल्वेवर बोलायला सांगितले. पण बारा महिने रुळांची निगा राखणाऱ्याला आज दुसऱ्या एका वाटेवर बोलावेसे वाटते. ती म्हणजे गावाकडची पांधण. पश्चिम महाराष्ट्रातली मंडळी तिला पाणंद म्हणतात.

आपल्यापैकी बरेच जण भंडारा, गोंदिया, नागपूरकडचे. शेत भावाकडे, नाहीतर ठेक्याने दिलेले. गावी गेलो की कानावर येते, पांधण बुजली! ती एका दिवसात बुजत नाही. दरवर्षी नांगराचे एक तास आत सरकते, धुऱ्यावरची बाभूळ पसरते, काटेरी कुंपण हातभर पुढे येते. गावनकाशात दोन तुटक रेषांचा गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट असतो, एका रेषेचा पायमार्ग सव्वाआठ फूट. प्रत्यक्षात मळणीयंत्र आत जात नाही आणि कापलेला धान शेतातच पडून राहतो.

कायदा आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार अडथळा दूर करू शकतात. मात्र अर्ज सहा महिन्यांच्या आत हवा. २०२१ साली शासनाने मातोश्री पाणंद रस्ते योजना काढून रोजगार हमीशी तिची सांगड घातली. पण आदेशाने अडथळा निघतो, वाट टिकत नाही.

इंग्लंडमध्ये शेतांमधून पायवाटा जातात. कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात, त्यांना ‘स्टाइल’ म्हणतात. माणूस पलीकडे जातो, गुरे अलीकडे राहतात. १९८० च्या हायवेज ॲक्टप्रमाणे त्यांची दुरुस्ती जमीनमालकाकडे आणि खर्चाचा किमान पाव हिस्सा स्थानिक प्रशासनाकडे. तरीही सुटीच्या दिवशी हातोडा-करवत घेऊन स्वयंसेवक जातातच. आपल्याला यात नवल नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची ग्रामसफाई आपल्या वडिलांनी पाहिलेली आहे.

आता थोडे माझ्या धंद्यातले. काळ्या मातीवर नुसता मुरूम टाकला तर दोन पावसाळ्यांत तो गडप होतो. आम्ही रुळाखाली खडी घालण्याआधी पाणी कुठून निघेल ते पाहतो. पांधणीलाही दोन्ही बाजूंना नाल्या हव्यात, मधला भाग उंच हवा आणि ओढ्याशी पाइप हवा. एवढे झाले तर मुरूम कमी लागतो. हे काम टिकास, फावडे, घमेले घेऊन वीस माणसे करू शकतात. पाइपपुरती वर्गणी लागेल.

अडते कुठे? मोजणीच्या दिवशी. ठेकेदार म्हणतो, “मालक भिलाईला आहेत, त्यांना विचारा.” आणि बरेचदा पुढे आलेले तास आपल्याच शेताचे असते. म्हणून विनंती अशी की ज्यांची शेती गावी आहे त्यांनी दिवाळीत तलाठ्याकडे नकाशा पाहावा, आपली हद्द स्वतः दाखवावी आणि धुऱ्यावरची बाभूळ काढायला लेखी संमती देऊन यावे. वैशाखात, पाऊस लागण्याआधी, चार दिवसांची रजा टाकून मी गावी जाणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आरतीनंतर नाव सांगावे. कुऱ्हाड मात्र आपापली आणावी.