'रीसेट केलं, चाललं' एवढ्यावर विमान सोडायचं का?

बऱ्याच जणांचा प्रश्न असतो, "दादा, तू सॉफ्टवेअरवाला, मग विमानांच्या कंपनीत करतोस काय?" आज त्यावरच बोलू.

एव्हियॉनिक्स म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. नेव्हिगेशन, रेडिओ, ऑटोपायलट, पायलटसमोरचे स्क्रीन, सगळं त्यात आलं. माझं काम जमिनीवरचं. विमान हवेत असतानाच एकार्स या डेटालिंकवरून बिघाडाचे मेसेज खाली येतात. विमान गेटला लागायच्या आत ते वाचायचे आणि लाइनवरच्या टीमला सांगायचं, कुठला बॉक्स तपासा, कुठला सुटा भाग हाताशी ठेवा.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण खरा त्रास देतो तो येऊन-जाऊन असणारा बिघाड. टीम कॉम्प्युटर रीसेट करते, टेस्ट पास होते. बॉक्स काढून वर्कशॉपला पाठवला, तर शेरा येतो, 'दोष आढळला नाही'. कारण दोष कधी बॉक्समध्ये नसतोच. तो कनेक्टरच्या पिनमध्ये असतो, वायरमध्ये असतो. हवेतली थंडी, ओलावा, कंपनं वर्कशॉपच्या टेबलावर कुठून येणार?

म्हणून आम्ही एकटा मेसेज बघत नाही, त्या विमानाचा इतिहास बघतो. बॉक्स बदलूनही तोच मेसेज पुन्हा आला, तर आता वायरिंग तपासायची.

रीसेटला कमी लेखू नका हं. २०१५ मध्ये बोईंग ७८७ बद्दल अमेरिकेच्या एफएएनं आदेश काढला होता. जनरेटर सांभाळणारी कंट्रोल युनिट्स सलग २४८ दिवस चालू राहिली, तर त्यांच्या आतला काउंटर भरून वाहतो आणि वीज बंद पडू शकते. तात्पुरता उपाय? ठरावीक मुदतीत वीज बंद करून पुन्हा चालू करणं! कोडिंगवाल्यांनी हिशोब करून बघा. दोनाचा एकतिसावा घात, एकेक आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. बरोबर २४८ दिवस आणि वर थोडे तास.

पण तिथे कारण माहीत होतं. कारण माहीत असताना केलेला रीसेट हा उपाय असतो. कारण माहीत नसताना केलेला रीसेट म्हणजे आजचं उद्यावर ढकलणं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये एअरबस ए३२० कुटुंबातल्या सुमारे ६००० विमानांचा प्रश्न आला. तीव्र सौर किरणोत्सर्गामुळे उड्डाण नियंत्रणाचा डेटा बिघडू शकतो, असं लक्षात आलं होतं. बहुतेक विमानांवर उपाय होता जुनं सॉफ्टवेअर परत टाकणं. आपल्या ऑफिसात रोलबॅक एका बटणावर होतो. इथे प्रत्येक विमानापाशी माणूस जातो, लोड करतो, तपासतो, नोंदवतो.

आणि सही? ती माझी नसते. ती लायसन्सधारक इंजिनिअरची. आपल्याकडे डीजीसीएचं लायसन्स लागतं, एव्हियॉनिक्ससाठी 'बी २'. नुसत्या बीटेकवर विमान सोडता येत नाही, हे कॉलेजमध्येच कळलेलं बरं.

काही उपकरणं बंद असतानाही उडता येतं. कुठली आणि किती दिवस, ते एमईएल नावाच्या पुस्तकात असतं. 'सी' वर्गातलं काम दहा दिवसांत संपवायचं. पण येऊन-जाऊन असणारा बिघाड त्या क्षणी बंद नसतोच ना! टेस्ट पास, प्रवासी बसलेले, वेळ निघून चाललीय. अशा वेळी फोनवर मला एवढंच म्हणायचं असतं, "सर, पाच फ्लाइटमध्ये हा तिसरा मेसेज आहे. कनेक्टर उघडून बघा." समोरच्याचा अनुभव माझ्या वयाइतका असतो. उशीर झाला की चार फोन येतात. न घडलेल्या घटनेबद्दल एकही येत नाही. तरीही वाक्य पूर्ण बोलायचं आणि लेखी नोंदवायचं. पुढच्या शिफ्टला तोच मेसेज दिसला, तर तिथला माणूस शून्यापासून सुरुवात करणार नाही.

यायचं असेल या क्षेत्रात, तर कोडिंग शिकाच, पण लॉग वाचायची चिकाटीही कमवा. चला, भेटू पुढच्या भागात!