रोजच्या व्यवहारातील इंग्रजी वाक्प्रचार

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



इंग्रजीवर बोला, असा निरोप सेक्रेटरींकडून आला तेव्हा मी त्यांना विचारले, व्याकरण की निबंध? ते म्हणाले, दोन्ही नको. मुले दहावीला इंग्रजीत बरे गुण आणतात, पण कारखान्याच्या ऑफिसात साहेबांनी दोन वाक्ये विचारली की गप्प उभी राहतात, त्याचे काही बघा. मी शिक्षक नाही. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्स खात्यात नोकरी केलेला माणूस आहे. तेव्हा सांगेन ते कामाच्या जागेवरचेच असेल.

२००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी ते पाचवीपासून होते. म्हणजे आजचा मुलगा दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी वाचतो. तरी तो अडतो कुठे? माझ्या मते शब्दांत अडत नाही, शब्दांच्या जोडीत अडतो.

आधी आपल्या मराठीकडे पाहू. 'कान' हा शब्द घ्या. कान देणे म्हणजे लक्ष देऊन ऐकणे. कान टोचणे म्हणजे समज देणे. कान फुंकणे म्हणजे कोणाविरुद्ध मन कलुषित करणे. कानाडोळा करणे म्हणजे दुर्लक्ष करणे, आणि कानांवर हात ठेवणे म्हणजे आपल्याला काही ठाऊकच नाही असे सांगून मोकळे होणे. हे आपल्याला कोणी वर्गात शिकवले नाही. घरात आजी बोलली, ओटीवर भांडण झाले, त्यातून कळले. आता एखादा गोरा साहेब मराठी शिकू लागला आणि त्याने कोशात आधी 'कान' पाहिला, मग 'फुंकणे' पाहिले, तर त्याला वाटेल हा काहीतरी औषधोपचार असावा!

इंग्रजीत आपली गत त्या साहेबासारखी होते. 'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'आऊट' म्हणजे बाहेर, हे पहिलीतल्या पोरालाही येते. पण 'पुट आऊट द फायर' म्हणजे आग बाहेर ठेवा नव्हे, आग विझवा. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट ऑन' म्हणजे अंगावर घालणे, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणे. शब्द तोच, शेपूट बदलले की अर्थ बदलला.

यातला एक तर प्रत्येक कामगाराने पक्का करावा. 'ऑफ' म्हणजे बंद, असे आपण धरून चालतो. 'द लाइट वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले, इथपर्यंत ठीक. पण 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म बंद पडला नव्हे, अलार्म वाजू लागला! रासायनिक कारखान्यात याचा अर्थ उलटा घेणारा माणूस पळायच्या वेळी जागेवर उभा राहील. तसाच 'इन्फ्लेमेबल' हा शब्द. 'इनकरेक्ट' म्हणजे बरोबर नसलेले, 'इनकम्प्लीट' म्हणजे पूर्ण नसलेले, मग 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारे, असा हिशेब हुशार मुलगाच करतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ चटकन पेट घेणारे. टँकरवर, ड्रमवर तो लिहिलेला असतो. ज्याला पुस्तकातला नियम नीट येतो तोच इथे फसतो, ही मोठी गंमत आहे, पण जीवघेणी गंमत आहे.

'लॉक आऊट' हे आणखी एक. युनियनच्या सभेत हा शब्द आला तर मालकाने केलेली टाळेबंदी. मेंटेनन्सच्या माणसाने म्हटला तर यंत्राचा वीजपुरवठा तोडून स्विचला कुलूप घालणे, म्हणजे आत काम करणाऱ्याचा हात असताना बाहेरून कोणी यंत्र सुरू करू नये. 'ले-ऑफ'चेही तसेच. आपल्या कामगार कायद्यात त्याचा अर्थ तात्पुरते काम देता येत नाही, मस्टरवर नाव राहते. अमेरिकेच्या बातम्यांत मात्र पुष्कळदा त्याचा अर्थ नोकरी गेली असाच असतो. शब्द कुठे उच्चारला गेला ते पाहिल्याशिवाय अर्थ ठरवू नये.

माता-भगिनींना वाटेल, कारखान्याचे आम्हाला काय? दवाखान्यात खाटेला पाटी लावतात, 'निल बाय माउथ'. कधी नुसती तीन अक्षरे असतात, एन.बी.एम. अर्थ असा की तोंडावाटे काही द्यायचे नाही, बहुधा पाणीसुद्धा नाही. आपल्याकडे मायेचा माणूस डबा घेऊन येतो, घोटभर चहा पाजतो. भूल दिल्यावर पोटातले वर येऊन फुप्फुसात गेले तर पेशंटच्या जिवावर बेतते. पाटी दिसली आणि कळली नाही, तर सिस्टरला विचारा. विचारण्यात कसला कमीपणा?

आता शाळा-कॉलेजच्या मुलांकडे वळतो. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो, इंग्रजीत तो परीक्षा 'टेक' करतो. आपल्याला सर्दी होते, इंग्रज सर्दी 'कॅच' करतो. आपण भुकेने व्याकूळ झालो की पोटात कावळे ओरडतात, तो मात्र अख्खा घोडा खाईन म्हणतो. मराठी वाक्य मनात तयार करून एकेका शब्दाच्या जागी इंग्रजी शब्द बसवला की असे घोटाळे होतात. 'मायसेल्फ अमुक' असे नाव सांगू नका, 'आय ॲम अमुक' म्हणा. 'पास्ड आऊट' कॉलेजातून बाहेर पडलो या अर्थाने आपल्या देशात चालते. परदेशातल्या माणसाला तुम्ही चक्कर येऊन पडलात असे वाटायचे. 'आऊट ऑफ स्टेशन' हेही तसेच. आपल्या ऑफिसात कळते, तिकडे नाही. ही आपली इंग्रजी चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, पण समोर कोण आहे हे ओळखून वापरावी.

एका मुलाला मुलाखतीनंतर सांगितले, 'वुई विल गेट बॅक टू यू.' म्हणजे आम्ही नंतर कळवू. तो 'बॅक' ऐकून बाहेरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसला, साहेब परत येतील म्हणून. वॉचमनने उठवला तेव्हा कळले. हुशार पोरगा, आयटीआयला पहिला वर्ग. ज्यांच्या घरात हे वाक्य रोज कानावर पडते ती मुले अशा वेळी उठून सरळ घरी जातात. फरक बुद्धीचा नसून कानाचा आहे, आणि कान तयार करता येतो.

बाबासाहेबांच्या घरी तरी इंग्रजी कुठे होते बोलायला? सुभेदार रामजींनी मुलाकडून हॉवर्डची रीडरे आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. त्या पाठमालेत नुसत्या शब्दांच्या याद्या नव्हत्या, वाक्ये होती. मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत. १९२७ साली आपल्या महाडला चवदार तळ्यावर ते आपल्या लोकांशी मराठीत बोलले आणि १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत इंग्रजीत. एका भाषेने दुसरी बाजूला सारली नाही. ज्यांचे बालपण आपल्या रोह्यात कुंडलिकेच्या काठी गेले ते चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांनी मेघदूताचा मराठीत अनुवादही केला, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

गाइडमध्ये वाक्प्रचारांची यादी असते. तिच्यात पाऊस म्हणजे कुत्री-मांजरी पडतात हे हमखास असते. रोह्यात चार महिने पाऊस कोसळतो, पण नोकरीच्या सगळ्या वर्षांत हे वाक्य बोललेला एकही साहेब मला भेटला नाही. ते परीक्षेपुरते पाठ करा. खरी वही वेगळी ठेवा. तिच्यात वाक्प्रचार एकटा लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा आणि शेजारी ते कुठे ऐकले ते लिहा: बँकेत, स्टेशनवर, औषधाच्या बाटलीवर, टीव्हीवरच्या क्रिकेटमध्ये. मोबाइलवर अर्थ पाहायला हरकत नाही, पण पाहिल्यावर ते वाक्य मोठ्याने तीनदा म्हणा. दोघे भाऊ-बहीण असाल तर एकाने साहेब व्हावे, दुसऱ्याने उमेदवार. हसू येईल. येऊ द्या. घरात हसून झाले की ऑफिसात घाम फुटत नाही.

पहिल्या पानावर लिहायची दोन वाक्ये मी आजच देतो. 'सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट', म्हणजे माफ करा, मला ते समजले नाही. आणि 'कुड यू प्लीज से दॅट अगेन?', म्हणजे पुन्हा सांगाल का? पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या घरात, कामावर किंवा रस्त्यावर दिसलेली दहा इंग्रजी वाक्ये उतरवून आणावीत. अर्थ नाही कळला तरी चालेल, अर्थ आपण इथे मिळून लावू.