साहेब कोठे बसतो?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



बहुराष्ट्रीय कंपन्यांविषयी आपल्या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना कोकाकोला व आयबीएम यांनी १९७७-७८ मध्ये गुंडाळलेला गाशा, हे आपणांस ठाऊकच आहे. मी मात्र आज अशा कंपनीच्या पोटातून बोलणार आहे. ठाण्यातील एका परदेशी औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात मी १९७८ साली लागलो आणि बावीस वर्षे तेथे काढली.

प्रथम एक कबुली. तेथे आमचा छळ झाला नाही. गिरणीत असलेल्या माझ्या थोरल्या भावाहून मला पगार अधिक होता. कँटीनची थाळी स्वस्त होती. लग्नाच्या बैठकीत कंपनीचे नाव सांगताच मुलीच्या वडिलांचे पुढचे प्रश्न थांबले! १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही वर्गणी दिली. पण आपण सुरक्षित आहोत, हा विचार देतानाही मनात होताच.

मागणी घेऊन गेलो की व्यवस्थापक म्हणे, अधिकार मुख्य कचेरीला. मुख्य कचेरी म्हणे, विलायतेला कळवतो. गिरणीचा शेठ निदान मोटारीतून उतरताना दिसे. आमचा मालक कोणी पाहिलाच नव्हता; घेराव घालायचा तरी कोणाला?

१९८८ च्या करारात पगारवाढ भरघोस मिळाली. त्यातच एक कलम होते: कँटीन, सफाई आणि मालाची चढउतार यांतील रिकाम्या जागा यापुढे ठेकेदार भरील. वाटाघाटींच्या समितीत मी होतो. बारमाही कामात ठेकेदारी मना करण्याचा अधिकार सरकारला देणारा १९७० चा कायदा मला तोंडपाठ होता. तरीही मी सही केली, कारण येणारी माणसे आमची सभासद असणार नव्हती.

तीन वर्षांत ठेक्याची मुले पॅकिंगच्या पट्ट्यावर आमच्या शेजारी उभी राहिली. बाटली तीच, वेग तोच, मजुरी आमच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. पुढे गोळ्याच बाहेरच्या लहान कारखान्यांत बनू लागल्या. लेबल तेवढे आमच्या कंपनीचे. धंद्यात याला लोन लायसन्स म्हणतात. आम्ही संपाची नोटीस दिली तेव्हा बाजारात माल भरपूर होता. मग स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. (हा शब्द ज्याने घडविला तो मोठा विनोदी असला पाहिजे.) २००० साली मीही अर्ज भरला.

शेवटच्या दिवशी पट्ट्यावरच्या एका मुलाने विचारले, “काका, युनियनची पावती आमच्या नावाने कधीच का फाडली नाही?” मी त्याला काहीतरी थातुरमातुर सांगितले.

कारखाना बंद करण्यास सरकारी परवानगी आवश्यक ठरविणारी कामगारसंख्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने १०० वरून ३०० वर नेली. तिच्याविरुद्ध मोर्चे निघालेच पाहिजेत. परंतु ठेक्यावरील कामगारास आपल्या युनियनच्या घटनेत सभासदत्व आहे काय, हे प्रत्येकाने मोर्च्यापूर्वी उघडून पाहावे. आमच्या घटनेत ते नव्हते. दुरुस्तीस एक सर्वसाधारण सभा पुरली असती.