सरोवरावरील बर्फाचे फुटणे



‘उष्णतेने बर्फ वितळतो’ हे वाक्य आपल्या वर्गातील मुलांस पाठ असते. परंतु मोठ्या सरोवरावरील बर्फ हिवाळ्याअखेर केवळ वितळत नाही. तो सरकतो, तडकतो व फुटतो. उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवराचे उदाहरण घेऊ. ते सुमारे ३८८ किलोमीटर लांब आहे, परंतु त्याची सरासरी खोली अवघी १९ मीटर आहे.

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वरच राहते. म्हणून सरोवर वरून गोठते. हा बर्फ तळाला रुतलेला नसतो. तो पाण्यावर तरंगतो व काठाला चिकटलेला असतो, एवढेच. ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसली म्हणजे पुढचे सारे उलगडते.

कडक थंडीत बर्फ आकसून त्यास भेगा पडतात. भेगांत शिरलेले पाणी गोठते आणि ऊब वाढताच बर्फ प्रसरण पावून काठाला रेटा देतो. पुढे ऊन आत शिरून स्फटिकांचे सांधे आधी वितळवते. तेव्हा जाड थरही मेणबत्त्यांच्या जुडीसारखा होतो. जाडी राहते, बळ जाते. पण बळकट बर्फदेखील वाऱ्यापुढे टिकेलच असे नाही. वारा ज्या काठाकडून येतो, तेथे बर्फ सुटून पाण्याची पट्टी उघडी पडते. समोरच्या काठावर त्याचे ढीग रचले जातात.

७ फेब्रुवारी २००९ रोजी ओहायो राज्याच्या काठाजवळ हेच घडले. बर्फास भोके पाडून मासे धरणारे शंभराहून अधिक लोक दूरवर गेले होते. भेग ओलांडण्यास त्यांनी लाकडी फळ्या टाकल्या होत्या. दक्षिणेचा जोरदार वारा सुटला, बर्फ काठापासून तुटला व त्यांना घेऊन आत सरकला. हेलिकॉप्टरे व होड्या यांनी त्यांस सोडविले. एकाचा मात्र अंत झाला. त्यांच्या पायाखालचा बर्फ पुरेसा जाड होता. दगा दिला तो वाऱ्याने.

वर्गात परातभर पाण्यात बर्फाचा चपटा तुकडा काठाला टेकवून सोडावा आणि त्या काठाकडून पुठ्ठ्याने वारा घालावा. तुकडा वितळण्यापूर्वीच काठ सोडतो, हे मुलांना दिसेल. मग त्यांना विचारावे : त्या बर्फावर पाऊल ठेवण्यापूर्वी तुम्ही काय काय पाहाल? ‘जाडी’ हे उत्तर लगेच येईल. ‘वारा’ हे उत्तर येईपर्यंत पाठ पुरा झाला असे समजू नये.