हातात केवळ एक काठी होती

(मंचर येथे हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आंबेगाव तालुक्यात येऊन हौतात्म्याविषयी बोलणे हे धारिष्ट्याचेच काम आहे. महाळुंगे पडवळ हे बाबू गेनू सैद यांचे गाव याच तालुक्यातले. डिंभे धरणाच्या जलाशयालाही आपण त्यांचेच नाव दिले आहे. पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेलेला हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाने भरलेल्या मालमोटारीपुढे ठाकला. मोटार त्याच्या अंगावरून गेली, पण तो बाजूला झाला नाही. ही कथा तुम्ही मला सांगायची; मी तुम्हाला काय सांगणार?

काळबादेवीपासून गिरगाव चौपाटी पायी अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. बाबू गेनूंच्या बलिदानानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, सह्याद्रीच्याच कुशीतला आणखी एक माणूस त्या चौपाटीवर असाच उभा राहिला. त्यांचे नाव तुकाराम गोपाळ ओंबळे. सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे हे त्यांचे गाव. सैन्याच्या सिग्नल विभागात नाईक म्हणून सेवा करून ते निवृत्त झाले आणि १९९१ मध्ये मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून दाखल झाले. एक गणवेश उतरवला, तो दुसरा अंगावर चढवण्यासाठी.

२६ नोव्हेंबर २००८ची ती रात्र आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शन संचासमोर जागून काढली असेल. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर निरपराध प्रवाशांचे रक्त सांडून कसाब आणि अबू इस्माईल कामा रुग्णालयाकडे वळले. तेथून जवळच हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन नामवंत अधिकारी धारातीर्थी पडले. मग पळवलेल्या मोटारीतून ते दोघे गिरगाव चौपाटीच्या दिशेने आले. तेथे डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या पथकाने नाकेबंदी केली होती. सहायक उपनिरीक्षक ओंबळे त्या पथकात होते. त्यांच्या हातात केवळ एक काठी होती.

मोटार अडली. चकमकीत अबू इस्माईल मारला गेला. कसाबच्या हाती एके-४७ होती. ओंबळे त्याच्या अंगावर धावून गेले आणि त्या रायफलची नळी त्यांनी घट्ट पकडली. गोळ्या त्यांच्या पोटात शिरल्या. पकड सुटली नाही. सहकाऱ्यांना कसाबवर झडप घालण्यासाठी जे काही क्षण हवे होते, ते ओंबळे यांनी आपल्या देहाचे मोल देऊन मिळवून दिले.

कोणी म्हणेल, हा क्षणिक आवेश होता. मला ते पटत नाही. ज्याला शस्त्राची ओळख नाही, तो अजाणतेपणी पुढे जाऊ शकतो. सैन्यात उमेद घालवलेल्या माणसाला त्या नळीतून काय बाहेर पडते, याची पुरती जाणीव होती. जाणूनबुजून टाकलेले ते पाऊल होते. सतरा वर्षे रस्त्यावरचा बंदोबस्त करताना अंगी मुरलेले कर्तव्य त्या क्षणी कसोटीला उतरले.

त्या पावलाने देशाला काय दिले, याचाही विचार केला पाहिजे. दहा हल्लेखोरांपैकी नऊ मारले गेले. जिवंत सापडला तो एकटा कसाब. त्याच्याजवळ बंगळूरच्या एका हिंदू तरुणाच्या नावाचे बनावट ओळखपत्र होते आणि तो त्याच ओळखीने मरावा असा कट होता, असे तत्कालीन तपास अधिकारी राकेश मारिया यांनी २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात लिहिले आहे. तो जिवंत हाती लागला, म्हणून जानेवारी २००९मध्ये पाकिस्तानला त्याचे नागरिकत्व मान्य करावे लागले आणि पुढच्याच महिन्यात कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याची कबुलीही द्यावी लागली. आपल्या देशाने कसाबला कायद्यापुढे उभे केले. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय असे सर्व टप्पे पार पडल्यावर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी, येथून फार दूर नसलेल्या येरवड्यात, त्याला फाशी देण्यात आली. १६६ जणांचे बळी घेणाऱ्या कटाचा जिवंत पुरावा ओंबळे यांनी आपल्या न्यायव्यवस्थेच्या हाती दिला होता.

आता एक कबुली. मी पेशाने पत्रकार. त्या रात्री आम्ही वृत्तपत्राच्या कचेरीत बातम्या लावत होतो. मोठ्या अधिकाऱ्यांची नावे मथळ्यात गेली, आणि ते योग्यच होते. पण चौपाटीवरची बातमी आली तेव्हा माझ्या हातून लिहिले गेले ते एवढेच: 'एक पोलीस ठार'. नाव विचारायचे मला सुचले नाही. दुसऱ्या दिवशी ते नाव कळले, तेव्हा माझीच मला लाज वाटली. हुद्दा लहान असला की माणूसही आपल्याला लहान दिसू लागतो, हा दोष केवळ माझा एकट्याचा नसावा.

राष्ट्राने आपले ऋण मान्य केले. २६ जानेवारी २००९ रोजी ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र प्रदान झाले. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. २०२१मध्ये शास्त्रज्ञांनी कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला 'तुकारामी' असे त्यांचे नाव दिले. हे सारे यथोचितच आहे. परंतु पुतळ्याला हार घालणे सोपे असते. आपल्यासमोर उन्हात उभ्या असलेल्या हवालदाराला माणूस म्हणून वागवणे कठीण.

म्हणून आज मी तुमच्याकडे घोषणा मागत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर, आपल्या मंचरच्या चौकात, गणेशोत्सवात आणि आषाढी वारीच्या वाटेवर जो पोलीस तासन्‌तास उभा असतो, त्याला पाणी विचारा. तो अडवील तेव्हा अरेरावी करू नका. सीमेवर गेलेल्या जवानाचे म्हातारे आई-वडील आपल्या आळीत राहत असतील, तर वर्षातून एकदा नव्हे, आठवड्यातून एकदा त्यांच्या दारी जा. आणि मुलांना बाबू गेनूंची गोष्ट सांगाल, तेव्हा तेथेच थांबू नका. काळबादेवीहून त्यांना चौपाटीपर्यंत घेऊन जा.

गणवेशातला माणूस जिवंत असतानाच त्याचे नाव विचारायला आपण शिकलो, तर हुतात्मा तुकाराम ओंबळे यांना वाहिलेली आजची श्रद्धांजली सार्थ झाली, असे मी मानीन.

भारतमाता की जय!